शाबूत दोरा

पहिली फेरी

"हणमा, तिला हाकायचं न्हाई. विचारायचं," असं म्हणून दफेदारांनी रिंगणाचं फाटक माझ्यामागे लावून घेतलं.

सकाळचे आठ वाजले असतील. नीरा नदीकडून आलेलं धुकं उसावर अजून बसून होतं. जोंधळी घोडी माझ्या मांड्यांखाली संथ श्वास घेत होती. लगाम माझ्या दोन्ही हातांत होता, पण त्याचं चामडं तिच्या तोंडातल्या लोखंडापर्यंत पोचत नव्हतं. चामड्याचं टोक आणि तोंडातली कडी यांच्यामध्ये, डावीकडे आणि उजवीकडे, बोटभर दोरा होता. कपडे शिवायचा, रिळाचा, पांढरा दोरा. जरा हिसका बसला की तुटणारा.

सात फेऱ्या. दुडकी चाल. दोरा शाबूत राहिला पाहिजे.

कुंपणाच्या आडव्या बांबूवर दफेदारांची मुलगी शमीम बसली होती. ओढणी कमरेला खोचलेली, पाय हलवत. माझ्यानंतर तिची पाळी होती.

"खांदे खाली घे रं. विहिरीतनं पोहरा काढायलायस का?"

"तू गप बस."

"मी गप्पच हाय. घोडी हसायलीय."

मी खांदे खाली घेतले. जोंधळीचे कान माझ्याकडे वळले आणि ती निघाली.

दुसरी फेरी

दफेदार म्हणजे हुसेन मुलाणी. फौजेच्या घोडदळातून निवृत्त होऊन आमच्या मालकांच्या फार्मवर चाबूकस्वार झाले होते. चाबूकस्वार म्हणजे घोडी शिकवणारा. नावात चाबूक आहे, पण त्यांच्या हातात मी तो कधी पाहिला नाही.

जोंधळी मालकांनी एका बँडवाल्याकडून घेतली होती. वरातीत नाचवून नाचवून तिचं तोंड फाडलेलं होतं. तिथं लगामाला काट्यांची कडी घालायचे. ओढलं की काटे जिभेत रुतत, घोडी पुढचे पाय उचलायची आणि लोकांना वाटे नाचतेय. तिच्या जिभेवर आडवा व्रण होता, करंगळीएवढा जाड. आमच्याकडे आली तेव्हा महिनाभर कुणाला तोंडाजवळ हात नेऊ देत नव्हती. दोऱ्याची परीक्षा दफेदारांची जुनीच, फौजेतली. पण जोंधळीवर त्यांनी दोऱ्याशिवाय कुणाला बसूच दिलं नाही.

"लगाम म्हंजे टेलिफोन हाय," ते सांगायचे. "दुसऱ्या टोकाला कुणीतरी हाय, येवढं तिला कळलं पायजे. तुला पण कळलं पायजे. ओढलास तर ती भिणार. सोडलास तर एकटी पडणार."

"आणि दोरा तुटला तर?"

"तर गप बसून ऱ्हायचं. रिंगण बंद हाय, जातीय कुठं? तोंड मोकळं झालं की आपली आपण थांबती."

तिसरी फेरी

तिसरी चांगली गेली. इतकी चांगली की मला माझे हात जाणवत नव्हते.

त्या वर्षी दफेदारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गुढीपाडव्याला नवा चाबूकस्वार नेमायचा आणि नाव दफेदारांनी द्यायचं, असं मालक बोलले होते. आम्ही दोघंच होतो, शमीम आणि मी. मालकांना मुलगी नको होती. "उद्या लग्न होऊन गेली की माझी घोडी बेवारस," असं ते तोंडावर म्हणाले.

दफेदारांनी उत्तर दिलं, "हात बघायचा असतोय, मालक. हात कुणाचा ते न्हाई."

मी सोळाव्या वर्षापासून फार्मवर होतो. लीद काढत होतो, खोगिरं शिवत होतो. आता चोविसावं चालू होतं. शमीमचं नाव लागलं असतं तर मी जन्मभर तिच्याच घोड्यांची खोगिरं शिवत बसलो असतो. आणि शमीमचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे घोडीलाही माहीत होतं, शमीमलाही, मलाही.

चौथी फेरी

ही नंतर सांगतो. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्याजवळ मी इथून थेट पाचवीवर गेलो.

पाचवी, सहावी, सातवी

या तिन्ही झाल्या. सातवी संपवून मी मधोमध थांबलो. दफेदार जवळ आले आणि डाव्या बाजूच्या दोऱ्याला त्यांनी बोटांची टोकं नुसती लावून पाहिली. उजवीकडे गेलेच नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"शाबूत!" ते कुंपणाकडे ओरडले. "शमीम, शाबूत हाय गं! ह्याचा हात बसला!"

मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ होतो, पण त्यांचा असा आवाज आधी ऐकला नव्हता.

दफेदारांची एक रीत होती. शाबूत राहिलेला दोरा सोडायचा नाही, बदलायचा नाही. पुढच्यानं त्याच दोऱ्यावर बसायचं. पहिल्यानं जपलेलं दुसऱ्यानं जपायचं, असं त्यांचं म्हणणं. फौजेतही असंच चालायचं म्हणे.

मी उतरलो. शमीम चढली.

शमीमची पहिली, शमीमची दुसरी

तिला घोडीवर पाहणं म्हणजे काय, ते मला लिहिता येणार नाही. तिचे हात जोंधळीच्या मानेबरोबर पुढे जात, मागे येत. दोरा ताठ होता आणि तरी कुणीच काही धरलेलं दिसत नव्हतं.

"अब्बा, ही झोपंल आता!" ती हसत म्हणाली.

"बोलू नगं. बस."

शमीमची तिसरी

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मागे दोन ट्रॉल्या. रिंगणासमोर येताच मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. बंदुकीच्या बारासारखा.

जोंधळी बाजूला उडाली. शमीमच्या मुठी मिटल्या. कुणाच्याही मिटल्या असत्या. एक क्षण, फार तर दीड.

जोंधळी मागच्या पायांवर उभी राहिली, सरळ, आणखी सरळ, आणि तशीच पाठीवर पडली. शमीम खाली होती.

जबाब

"मी दिनांक मजकुरी रिंगणाजवळ हजर होतो. सदर घोडीस पहाटे लगाम दफेदार हुसेन मुलाणी यांनी बांधला. दोरा त्यांनीच बांधला. मी सदर घोडीवर सात फेऱ्या मारल्या, त्या वेळी मला काही वेगळे वाटले नाही. त्यानंतर शमीम हुसेन मुलाणी ही बसली. टायर फुटल्याने घोडी बुजली. दोरा तुटला नाही. घोडी उलटी पडली. माझी कोणाबद्दल तक्रार नाही."

खाली माझी सही आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते अनेकदा तपासलंय.

चौथी फेरी

चौथ्या फेरीत, फाटकाजवळच्या वळणावर जोंधळीचा पाय घसरला आणि मी ओढलं. दोन्ही हातांनी, जोरात, पोहरा काढल्यासारखं. ती मान वर करून तोंड उघडून दोन पावलं तिरपी गेली. मग मी सैल सोडलं आणि ती सावरली.

दोरा तुटायला हवा होता. तुटला नाही. कारण तो रिळाचा नव्हताच.

पहाटे दफेदारांनी बांधलेला दोरा मी तबेल्यातून घोडी बाहेर काढताना सोडला होता आणि त्याजागी खोगीर शिवायचा मेणाचा दोरा बांधला होता. तो माझ्या खिशात नेहमीच असे. जाडी जवळपास तेवढीच. वरचं मेण पुसून काढलं की रंगही तोच. त्या दोऱ्यानं मी बैलाचं कातडं शिवत असे.

माझा बेत एवढाच होता की सात फेऱ्या मारायच्या, उतरायचं आणि घोडीला पाणी पाजायच्या निमित्तानं पुन्हा रिळाचा बांधायचा. शमीम तिच्या तिच्या दोऱ्यावर बसेल. ती पास होणारच होती. मग दोघंही पास, आणि मालक मलाच घेतील, मुलीला नाही. असा माझा हिशेब होता. दफेदारांची रीत मला माहीत होती, पण मी ती विसरलो. आठ वर्षांत माझा दोरा एकदाही शाबूत राहिला नव्हता. तो पुढच्याला देण्याची वेळच कधी आली नव्हती.

दफेदारांनी "त्याच दोऱ्यावर बस" म्हटलं तेव्हा शमीम रिकिबीत पाय घालत होती. घोडीचं तोंड मी धरलं होतं. गाठ माझ्या अंगठ्याखाली होती. मला वेळ होता. तिनं रिकीब आखूड केली, ओढणी पुन्हा खोचली, खाली वाकून माझ्याकडे पाहिलं.

"पास झालास की रं. मग तोंड असं का?"

"काय न्हाई," मी म्हणालो आणि बाजूला झालो.

त्यानंतर

पोलिसांनी कडीला अडकलेला दोरा कापून पिशवीत घातला आणि विचारलं, हा कुठला? दफेदारांनी तो हातात घेतला. बराच वेळ चोळला. मी चार पावलांवर उभा होतो.

"खोगिराचा हाय," ते म्हणाले. "माझे डोळे गेलेत, सायेब. अंधारात हाताला ह्योच लागला असंल. मीच बांधला."

जोंधळीला त्याच दुपारी डॉक्टरांनी शेवटची सुई दिली. तिचा मागचा पाय मोडला होता.

तिसऱ्या दिवशी दफेदारांनी मालकांना माझं नाव दिलं. आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं, "आजपासनं हणमा आपल्याकडं जेवंल."

जैतूनचाचींनी ताट वाढलं. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हणमा, त्यांना सांग, पोरीला खाल्लं, आता जेवून घ्या म्हणावं."

दफेदार माझ्याशेजारी बसले होते. हाताच्या अंतरावर.

त्यानंतर अकरा वर्षं चाची नवऱ्याशी थेट एक शब्द बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. "हणमा, त्यांना म्हणावं औषध संपलंय." "हणमा, तिला सांग, कळलं." मी नसलो तर त्या घरात आवाज नसे. शेजारच्या बायका सांगायच्या, दोघं माझी वाट बघत बसलेली असतात, मी आलो की बोलायला लागतात. सकाळी पाण्याला, दुपारी जेवायला, संध्याकाळी चहाला मी जायचो. आजारी पडलो तरी जायचो.

चाचींना माझी माया होती. एकदा माझ्या ताटात तूप सोडताना म्हणाल्या, "शमीम जशी बसायची, तसाच बसतोस तू आता घोडीवर. कुंपणाकडनं बघितलं की मला भास होतोय."

खरं होतं ते. त्या दिवसानंतर माझा हात हलका झाला. मला ओढताच येईना. लांबून लोक घोडी घेऊन यायचे, म्हणायचे, हणमंताच्या हाताला सर नाही. दोरा? माझा दोरा पुन्हा कधीच तुटला नाही. कुठल्याही घोडीवर बसलो की दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे हे मला कळायचं. ती घोडी नसायची. वळणावर, फाटकाजवळ, दोऱ्यातून दोन बोटं वर यावीत तसं काहीतरी माझ्या हातापर्यंत यायचं, चाचपायचं, आणि मी उघडा हात तसाच धरून ठेवायचो.

पुढे माझं लग्न झालं, पण रस्ता ओलांडताना मी बायकोचा हात धरत नसे. ती चिडायची. शेवटी तिनं कारण विचारणं सोडलं आणि नंतर मलाही सोडलं.

ती सकाळ

अकराव्या वर्षी, पौषात, दफेदारांना दवाखान्यातून घरी पाठवलं. आता घरीच ठेवा, असं सांगून. डोळे पुरते गेले होते. सकाळी उन्हात बाज टाकून मी त्यांना आडवं केलं. आत चाची भाकऱ्या थापत होत्या. थापण्याचा आवाज बाहेर येत होता.

"हणमा, कोन कोन हाय?"

"मीच हाय, दफेदार."

"एक विचारतो. त्या दिवशी माझे डोळे चुकले का रं?"

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"व्हय, दफेदार," मी म्हणालो. "डोळेच. तुमचा काय इलाज होता?"

मग त्यांनी ओठ मागे ओढून बोटानं आपले पुढचे दात दाखवले. दोनच उरले होते.

"तवा सगळे होते, पर हलत होते. रिळाचा दोरा मी दातानं तोडायचो. कातर कधी घेतली न्हाई. त्या दिवशीबी दातानंच तोडला. मेणाचा दोरा ह्या दातांनी तुटंल व्हय?"

आत थापणं चालूच होतं.

"तुम्हाला..." मी म्हणालो. "तुम्हाला कधी कळलं?"

"पोलिसानं हातात दिला तवा."

"मग माझं नाव का न्हाई घेतलं?"

"तू घेशील म्हनून थांबलो. आज घेशील, उद्या घेशील." ते हसल्यासारखे झाले. "आन् माझंबी हाय त्यात. चौथ्या फेरीला तू वढलंस. आंधळा झालो नव्हतो मी, येवढं दिसत होतं. घोडीनं तोंड उघडलं, तिरपी गेली. दोरा तुटाय पायजे होता. तुटला न्हाई, आन् मला आनंद झाला. म्हनलं, पोरानं धरता धरता सोडलं, हात आला पोराला. आठ वर्सं शिकवत होतो तुला. त्या आनंदात एक बाजू बघितली, दुसरी बघितलीच न्हाई. बघितली त्यात तरी काय बघितलं? गाठ चाचपली असती तर मेण लागलं असतं हाताला."

मी बाजेची सुंभाची दोरी मोजत बसलो.

"मी काय सांगत न्हाई तुला," ते म्हणाले. "सांग म्हनत न्हाई, नगं म्हनत न्हाई. फकस्त आता माझ्याच्यानं थांबवत न्हाई जास्त."

मग त्यांनी तोंड उन्हाकडे केलं. ऊन डोळ्यांवर सहन होत नाही म्हणून माणसं तोंड फिरवतात. त्यांना तो त्रास राहिला नव्हता.

चूल

मी आत गेलो. चाचींनी मागे न बघता विचारलं, "हणमा, त्यांना विचार, भाकरी कुस्करून देऊ का नुसतं दूध?"

मी उभ्यानंच सांगितलं. सगळं. तबेला, मेणाचा दोरा, खिसा, चौथी फेरी, माझ्या अंगठ्याखालची गाठ. अकरा वर्षं मनात घोकलेलं दहा वाक्यांत संपलं. चाचींचे हात परातीत होते. मी बोलायला लागलो तेव्हा त्यांनी भाकरी अर्धी थापली होती, ती तशीच राहिली, एका बाजूला जाड.

"घोडीवर बसताना ती काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

"चाची..."

"काय म्हनली ते सांग."

"म्हणाली, पास झालास की, मग तोंड असं का?"

"तू काय म्हनलास?"

"काय न्हाई, म्हणालो."

त्यांनी मान हलवली. एखाद्या दुकानात विचारलेली वस्तू नाही म्हटल्यावर हलवतात तशी. मग परातीतलं पीठ बोटांनी निपटून काढलं, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. माझ्या अंगावरून गेल्या, पण त्यांचा पदरसुद्धा मला लागला नाही. बाहेर बाजेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

"दूध घेनार का?" त्यांनी विचारलं.

दफेदारांना बहुधा कळलं नसावं की हा प्रश्न कुणाला आहे. मग सवयीनं ते म्हणाले, "हणमा, तिला सांग, साखर..."

"हणमा गेला," चाची म्हणाल्या. "मला सांगा."

मी चुलीपाशीच उभा होतो.